राज्यगीताची चाल कोणाची?

राज्यगीत म्हणून सरकार कविता निवडते; वाद मात्र चालीवरून होतो. कर्नाटकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कुवेंपूंच्या कवितेला २००४ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाला, पण ती गायची कशी हा प्रश्न पुढे १८ वर्षे लोंबकळत राहिला. म्हैसूर अनंतस्वामी आणि सी. अश्वत्थ हे दोघेही कन्नड ‘सुगम संगीता’तले थोर संगीतकार (आपल्या भावगीताचे हे सख्खे भावंडच). दोघांच्याही चाली लोकांच्या कानांत बसलेल्या. अखेर २०२२ मध्ये सरकारने अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी मुक्रर केला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि याचिकाकर्त्या गायकाने तेथे चाली गाऊन दाखवल्या! आम्हां साहित्याच्या अध्यापकांना यात शिकण्यासारखे आहे. कविता छापील पानावर संपते असे आम्ही वर्गात गृहीत धरतो. ती कंठात राहते, हे कन्नड रसिक विसरले नाहीत.

तेलंगणात आंदोलनकाळात गायिले गेलेले अंदेश्रींचे गीत २०२४ मध्ये राज्यगीत झाले. संगीत एम. एम. कीरवाणींचे. तेलंगणाच्या गीताला आंध्रचा संगीतकार कशाला, असा आक्षेप तिथल्या चित्रपट-संगीतकारांच्या संघटनेने घेतला. आम्हाला तो प्रथम संकुचित वाटला. आता तितकासा वाटत नाही.

महाराष्ट्रात असा वाद झाला नाही, कारण ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झाले तेव्हा शब्द, चाल आणि आवाज हे तिन्ही केव्हाच एकजीव झालेले होते. कवी राजा बढे नागपूरचे, संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले, गायक शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. संयुक्त महाराष्ट्राचा याहून बोलका नकाशा कोणता? रूढ अर्थाने हा पोवाडा नव्हे. रचना भावगीतकाराची आहे. पण गळा शाहिराचा आहे, आणि आमच्या पिढीने हे गीत वाचण्याआधी त्या गळ्यातूनच ऐकले. साठ वर्षे त्याला कोणत्याही शासननिर्णयाची गरज भासली नव्हती.

शासनाने मूळ तीनपैकी दोन कडवी घेतली. या काटछाटीबद्दल आमची फारशी तक्रार नाही. समारंभाला वेळेचे बंधन असतेच. आम्हाला खटकते ते वेगळेच. शाहिरी ही समूहाची कला आहे. शाहीर एक ओळ फेकतो, झीलकरी ती झेलतात, आणि रंग चढला की समोरचा श्रोताही नकळत झीलकरी होतो. डफाच्या थापेला हाताची साथ मिळाली नाही तर शाहिराला आपले काही चुकले असे वाटते. राज्यगीताचा शिष्टाचार नेमका याच्या उलट आहे: सावधान उभे राहा. जे गीत लोकांना आपल्यात ओढून घेत होते, ते आता लोकांना समोर उभे करते. मान वाढला हे खरे, पण अंतरही वाढले.

गेल्या १ मे रोजी आमच्या महाविद्यालयात ध्वजवंदनानंतर ध्वनिक्षेपकावर गीत सुरू झाले. पहिल्या वर्षाच्या रांगेतील काही मुलांचे हात सवयीने टाळीसाठी वर आले. शेजारच्या प्राध्यापकांनी डोळे वटारले. ते आमच्यापैकीच एक होते. हात खाली गेले, गीत पुढे चालू राहिले.