एका फुफ्फुसाची तीस वर्षे

मराठीत 'दम' हा शब्द किती कामे करतो पाहा. चढ चढताना दम लागतो, उतावळ्याला दम धरायला सांगतात, पोराला दम देतात आणि चिलीम ओढणाराही दमच मारतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ श्वास. श्वास आणि धूर यांचे हे नाते किती महाग पडते, हे कळायला वैद्यकाला विसाव्या शतकाचे अर्धे आयुष्य लागले.

१९१२ साली आयझॅक ॲडलर या अमेरिकी डॉक्टराने फुफ्फुसाच्या कर्करोगावर पुस्तक लिहिले. जगभरच्या नोंदी चाळून त्याला ३७४ रुग्ण सापडले. इतक्या दुर्मीळ रोगावर पुस्तक कशाला, असे कोणी विचारील, याची त्याला धास्ती होती. पुढे यंत्रावर वळलेली स्वस्त सिगारेट घरोघर गेली, महायुद्धात सैनिकांच्या हाती पडली आणि काही दशकांत हा दुर्मीळ रोग नित्याचा झाला.

उपचार मात्र नव्हता. ५ एप्रिल १९३३ रोजी सेंट लुईस शहरात इव्हार्ट्‌स ग्रॅहॅम या शल्यविशारदाने जेम्स गिलमोर या ४८ वर्षांच्या डॉक्टराची छाती उघडली. फुफ्फुसाचा एक भाग काढायचा बेत होता. गाठ पसरलेली दिसली, तेव्हा ग्रॅहॅमने अख्खे डावे फुफ्फुस काढले. कर्करोगासाठी एकाच शस्त्रक्रियेत पूर्ण फुफ्फुस काढून रुग्ण वाचल्याची ही पहिली घटना. गिलमोर पुन्हा आपल्या दवाखान्यात रुजू झाले आणि एका फुफ्फुसावर आणखी तीस वर्षे जगले.

ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढत. सिगारेटचा खप आणि हा रोग बरोबरीने वाढतात, असे कोणी म्हटले की ते चेष्टेने म्हणत, खप तर नायलॉनच्या मोज्यांचाही वाढलाय! तरी एर्न्स्ट वाइंडर या वैद्यकीय विद्यार्थ्याला त्यांनी रुग्णांची विचारपूस करू दिली. ६८४ रुग्णांचा तो अभ्यास १९५० साली दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचाही निष्कर्ष तोच निघाला. डॉल यांना आधी मोटारी आणि डांबरी रस्त्यांचा संशय होता. आकडे बोलू लागले तसे त्यांनी सिगारेट सोडली. ग्रॅहॅमनीही सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली ते याच रोगाने गेले. रोग दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता, त्यामुळे त्यांनीच रूढ केलेली शस्त्रक्रिया त्यांच्या कामी आली नाही. त्यांचा रुग्ण गिलमोर त्यानंतरही सहा वर्षे हयात होता.

या कथेत उपचाराचे सारे सूत्र आहे. रोग कुठवर पसरलाय, यावर पुढचे सगळे ठरते. गाठ एकाच जागी असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर शस्त्रक्रिया. आता बहुधा पूर्ण फुफ्फुस काढावे लागत नाही, एक खंड काढून भागते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर नेमका वेध घेणारे किरण. रोग पुढे गेला असेल तर किरणोपचार आणि केमोथेरपी. लहान पेशींचा जो वेगाने पसरणारा प्रकार असतो, त्यात भर मुख्यतः याच दोहोंवर. एकविसाव्या शतकात दोन नव्या वाटा उघडल्या. गाठीतल्या पेशींत विशिष्ट जनुकीय बदल सापडला, तर थेट त्यावर काम करणाऱ्या गोळ्या मिळतात. दुसरी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना जागे करणारे औषध. म्हणून गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाही.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमीचा. खोकला, थुंकीत रक्त, वजनात घट ही लक्षणे क्षयाचीही. थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. औषधाने उतार पडत नसेल, तर पुढची तपासणी मागायला संकोच कशाला? आणि ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही, अशांनाही हा रोग होतो. तेव्हा रुग्णाला आधी दोष देऊ नका.

डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केला. त्याचा निष्कर्ष २००४ साली आला: ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते. तिशीत सोडणारा ती जवळजवळ सगळी वाचवतो, पन्नाशीत सोडणारा सुमारे सहा आणि साठीत सोडणाराही तीन. तीन वर्षांत नातवंड चालू लागते, बोलू लागते, आजोबांचे बोट धरून शाळेपर्यंत येते. एवढ्यासाठी खिशातली विडी टाकायला काय हरकत आहे?