सव्वा महिन्याचं तेल

लिंबागणेशात बाळंतिणीला आणि लेकराला तेल लावायचं काम माझी आजी करायची. कामाची मुदत सव्वा महिना. त्यात काय येतं, काय येत नाही, कितव्या दिवशी हात हलका ठेवायचा, कितव्या दिवसापासून रगडायचं आणि शेवटी पदरात काय पडणार, हे सगळं न लिहिताच ठरलेलं असे. पुढे मी पुण्यात एका स्पामध्ये नोकरीला लागले आणि मालिशीची ‘थीम पॅकेजेस’ बसवायचं काम माझ्याकडे आलं. नवरीसाठी, पावसाळ्यासाठी, जोडप्यांसाठी, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी. ही कल्पना तिथे सगळ्यांना नवी वाटायची. मला नाही वाटली. आमच्या गावात मालिश सुटी कधी मिळतच नव्हती. ती बाळंतपणाला, हळदीला, दिवाळीला, तालमीला बांधलेली असायची. आजीच्या हाताखाली जे पाहिलं आणि नंतर पुस्तकांतून जे जुळत गेलं, ते इथे मांडते.

लिंबागणेश बीड तालुक्यातलं, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणारं, भालचंद्र गणपतीचं गाव. बालाघाटच्या माथ्यावरची हलकी जमीन, पावसाचा भरवसा नाही. रब्बीला ज्वारी आणि तिच्या कडेने करडई. मालिश म्हटलं की शहरात खोबरेल किंवा तिळाचं तेल डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे अंगाला करडीचं तेल. करडईचं झाड पिकलं की काट्यांनी भरतं, म्हणून ती पहाटे काढतात, दवाने काटे मऊ असतात तोवर. घाण्यावरचं तेल घरात, पेंड बैलांना. हे तेल पातळ, पसरतं चांगलं, चिकटपणा मागे ठेवत नाही. आजी त्यात ओवा आणि ठेचलेला लसूण कढवायची. लेकरासाठी वेगळी वाटी, बाळंतिणीसाठी वेगळी. थंडी जास्त असली तर तिळाचं तेल.

पाचवीपर्यंत ती बाळंतिणीच्या अंगाला नुसता हात फिरवायची. बारशानंतर खरं काम सुरू. आधी तळपाय, मग पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, खांदे शेवटी. कंबरेवर अंगठे रोवून ती मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वर जायची आणि बाळंतीण अंग आवळून धरायला लागली की म्हणायची, “पाय ढिला सोड की माय, मी काय पळून चाललेय?” मग कढत पाण्याची अंघोळ, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, बाजेखाली शेगडी आणि त्यात ओवा-शेपा. लेकराची पाळी वेगळी. पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर लेकरू निजवायचं, छाती, पाठ, हात-पाय आडवे-उभे चोळायचे, टाळू भरायची. नाकाकानातही ती तेलाचे थेंब सोडायची. डॉक्टर आता ते करू नका म्हणून बजावतात आणि ते बरोबर आहे. मी शिकवते त्या बायांना ते करू देत नाही. कोंडलेल्या खोलीतली धुरीही मी बंद केली.

सव्वा महिना भरला की आजीची पाठवणी. खण-चोळी, नारळ, पायली-दोन पायली जोंधळे. घर सुखवस्तू असेल तर लुगडं. मुलगा झाला असेल तर हात सैल, मुलगी झाली तर आखडता. काम दोन्हींचं सारखंच. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या बाळंतिणीच्या अंगावर आजीचा हात रोज तासभर असायचा, तिच्या घरातली चूल आजीने कधी पाहिली नाही. चहा ओसरीवर, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप धुवून तिनेच वळचणीला ठेवायचा. विटाळाचे दिवस होते तोवर तिची गरज होती. घर शुद्ध झालं की तिचीच अडचण व्हायची. मालिशीच्या परंपरेचं कौतुक ऐकताना मला हा कप आठवतो, आणि तो वगळून हा इतिहास मला लिहिता येत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची कामं आणि हक्क तपशिलाने आहेत. मालिशीच्या बाबतीत गावाची वाटणी अशी होती: पुरुषांची डोकी आणि खांदे न्हाव्याकडे, तेल तेल्याकडे, बायांची अंगं सुईणीकडे. सुगीला खळ्यावर न्हाव्याच्या वाट्याला धान्य यायचं. सुईणीला खळ्यावर हक्क नव्हता. तिला घरोघरच्या मर्जीवर राहावं लागे. माझ्या मते या धंद्यात बाईच्या हाताला कमी दाम मिळण्याची सुरुवात तिथेच आहे.

याच मुलखात मालिशीची दुसऱ्या टोकाची कहाणी नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली गेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात राज्य करत होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, पाच विंशतींचा, शंभर अध्यायांचा. तिसऱ्या विंशतीत राजाने घ्यायचे वीस उपभोग क्रमाने येतात: घर, स्नान, पादुका, तांबूल, विलेपन, वस्त्र असे करत करत अन्न, पाणी आणि त्यानंतर पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल चोळून घेणं. स्नानाच्या प्रकरणात सुगंधी तेलं आणि उटणी आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेने १९३९ साली छापलेल्या दुसऱ्या खंडात हा भाग आहे. तो वाचताना मला नोकरीतलं दरपत्रक आठवलं. जेवणानंतर पाय चोळून घ्यावेत, मग वाहन, छत्र, शय्या. सुखाला क्रम लावून, प्रत्येकाला स्वतंत्र नाव देऊन ते मांडायचं, हे कौशल्य त्या ग्रंथात पूर्ण तयार आहे. फक्त त्यात गिऱ्हाईक एकच.

सोमेश्वरानंतर दीडशे वर्षांनी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं. त्यातले चक्रधर स्वामी पैठण आणि गोदाकाठच्या गावांतून फिरत होते. त्यांच्या दिवसाच्या तपशिलात मर्दना आणि स्नान पुन्हा पुन्हा येतं. तिथे ती सेवा आहे, भक्त ती आपण होऊन करतात. राजाचा उपभोग, स्वामींची सेवा, बाळंतिणीची गरज. तेल तेच, हात तसेच. कोण कोणासाठी आणि कशापायी करतो यावर त्याची किंमत ठरत आली.

तालमीचा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. तांबडी माती तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मळलेली. जोर-बैठका, लढती झाल्या की पठ्ठे एकमेकांचं मर्दन करतात. आज ज्याने चोळलं तो उद्या चोळून घेतो. वस्तादाचा मान वेगळा, पण पैशाचा प्रश्न नाही आणि शिवाशिवीचा तर नाहीच नाही, निदान मातीत उतरल्यावर. घरांमध्ये हात बदलत नव्हते, तालमीत ते बदलत होते. मात्र ती फक्त पुरुषांची जागा.

हळदीचं आणि दिवाळीचं तेल सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लग्नाआधी तेलफळ येतं, सवाष्णी नवरीला तेल-हळद लावतात. नरक चतुर्दशीला पहाटे पाट, रांगोळी, आईच्या हातचं तेल आणि नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळदीचं उटणं. या एका पहाटेला टाटा ऑइल मिल्सच्या मोती साबणाने स्वतःला असं बांधून घेतलं की मराठी घरात तो साबण म्हणजे दिवाळी झाला. मालकी पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे गेली, पहाट कायम राहिली. पॅकेज विकणाऱ्याने यातून शिकावं ते हे: प्रसंग लोकांच्या मनात आधीपासून असावा लागतो. तो तयार करता येत नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहता येतं.

जाहिरातीची गोष्ट निघाली तर एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. साके दीन महोमेद, जन्म १७५९, पाटण्याचा. कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, आयर्लंडला गेला, लंडनमध्ये खाणावळ काढली, ती बुडाली, आणि मग ब्रायटनच्या समुद्रकाठी त्याने वाफेची अंघोळ आणि चंपी सुरू केली. १८२० मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हकिकती छापल्या, १८२२ मध्ये आपल्या उपचारावर पुस्तक काढलं. बरे झालेल्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या त्याच्या स्नानगृहात मांडलेल्या असत. चौथ्या जॉर्ज आणि चौथ्या विल्यम या दोन राजांची त्याच्यावर मर्जी होती. तेल चोळणाऱ्या हाताला त्याने नाव आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. आजीची जाहिरातही याच जातीची होती. सव्वा महिन्यानंतर लेकरू गणपतीच्या पायावर घालायला नेलं की बाया त्याच्या मांड्या चाचपून विचारायच्या, “कुणाचा हात लागलाय गं?” उत्तरात आजीचं नाव यायचं. फरक इतकाच की त्या नावावर तिला दर वाढवून मागता आला नाही.

महाराष्ट्रात मुदत ठरवून, राहून उपचार घ्यायची पद्धत रुळवण्यात उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमाचा मोठा वाटा आहे. गांधीजींनी तो १९४६ मध्ये सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी उभा केला. आहार, माती, पाणी आणि मालिश. १९८२ मध्ये कार्ल्याजवळ बालाजी तांबे यांचं आत्मसंतुलन व्हिलेज आलं. पण खरा बाजार उघडला केरळाने. तिथे पावसाळ्यात, कर्कटक महिन्यात, अंगाला तेल-औषध करायची जुनी रीत आहे. पर्यटक येत नसत तो रिकामा महिना त्यांनी तेच नाव देऊन विकायला काढला. रीत खरी होती म्हणून ते टिकलं.

आमच्या स्पामध्येही काही खऱ्या रीती विकल्या जात होत्या, चुकीच्या समजुतींसकट. काशाच्या वाटीने तळपाय घासणं ही महाराष्ट्राची घरगुती गोष्ट. उन्हाळ्यात आजी तूप लावून आमचे पाय घासायची, झोप गाढ लागायची. घासताना पाय काळे होतात. ‘शरीरातलं विष बाहेर आलं’ असं गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत पडली होती. काळेपणा कासं, तूप आणि घाम यांच्या घर्षणाचा असतो. पाय हलके होतात, झोप लागते, एवढं खरं सांगून ती विकता येते. मी तेच सांगत राहिले.

नोकरी सोडून गावी परतल्यावर रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत मी जे सुरू केलं, ते फक्त बायांसाठी. बाळंतिणींचा सव्वा महिना आहेच. दुसरं पॅकेज आमच्या जिल्ह्याच्याच अंगातून आलं. दसरा-दिवाळीनंतर इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या उसाला जातात आणि गुढीपाडव्याच्या मागे-पुढे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई वाकून तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. मान, खांदे, कंबर, टाचा, सगळं आखडून येतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणून आमच्याकडे तेलाची वाटी उचलण्याआधी विचारपूस होते. पिशवी काढलेलीच्या पोटाला हात लावायचा नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर चोळायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. अंगात ताप असेल तरी परत पाठवायचं.

हे पॅकेज पाडव्यापासून वटपौर्णिमेपर्यंत, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत. आठवड्यातून एकदा, टोळीतल्या बाया मिळून येतात, म्हणजे एकटीला घरून निघायची अडचण होत नाही. चैत्रात त्यांच्या हातात पैसा नसतो, उचल, म्हणजे पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम, पावसाळ्यात मिळते. म्हणून निम्मे पैसे तेव्हा घेते. तेल लावणाऱ्या बाईचा वाटा मात्र त्याच संध्याकाळी द्यायचा, मला पैसे आले असोत वा नसोत. चहा सगळ्यांना एकाच ठिकाणी, एकसारख्या कपांत. फलकावर मी मालिशीचं नाव लिहिलेलं नाही, ‘उसावरून आलेल्या बायांसाठी’ एवढंच लिहिलं आहे, आणि त्या ते वाचून थांबतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बरोबरची वाचून दाखवते.

अडचण तेलाची आहे. सोयाबीन आल्यापासून करडईचा पेरा खूप घटला, काटे काढायला मजूर मिळत नाही आणि घाणा चालवणारे थोडे उरले. बाजारातलं रिफाइंड तेल अंगात मुरत नाही असं माझ्या हाताखालच्या बाया म्हणतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईची चार तासं टाकायचेच, काट्यांमुळे ढोरं पिकात शिरत नसत. गावातल्या काही शेतकऱ्यांनी या रब्बीला पुन्हा तशी पेरायचं कबूल केलं आहे. बी मी देणार, करडई बाजारभावाने विकत घेणार आणि पेंड त्यांना परत देणार.