पुरस्कारच नव्हते तेव्हाचा अभिनय कसा अभ्यासायचा?

चांदवडला घरी गेलो की एक प्रश्न ठरलेला. "तू सिनेमावर पीएचडी करतोस ना, मग सांग, अभिनयाचा पुढचा राष्ट्रीय पुरस्कार आपल्यातल्या कुणाला?" मी हसून टाळायचो. एकदा वाटलं, हाच प्रश्न मागे नेला तर? पुरस्कार नव्हते तेव्हा त्या तोडीचं कोण होतं?

उत्तर चांदवडपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, नाशिकलाच होतं. दादासाहेब फाळक्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी तिथे १९१८ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षीच्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने, कृष्ण साकारला.

आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात मी ठोकून दिलं, 'मंदाकिनीचा अभिनय अप्रतिम होता.' मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?' आठवडाभर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठेतरी वाचलेलं कौतुक मी जसंच्या तसं उचललं होतं.

शेवटी चित्रपटच पुन्हा बघितला. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर मंदाकिनीचा नुसता चेहरा येतो आणि त्यावर एकेक भाव उमटत जातो. कृष्णाची गोष्ट नंतर. मी याचा अर्थ असा लावतो: फाळके प्रेक्षकाला सांगताहेत, ही एक मुलगी आहे, देव नाही, आणि ती जे करतेय त्याला अभिनय म्हणतात. परीक्षक प्रेक्षकच. माझ्या वाक्याला पुरावा मिळाला, पण 'अप्रतिम' मात्र खोडावं लागलं.

आता तारखा बघा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि पहिलं सुवर्णपदक मिळालं 'श्यामची आई'ला. पण श्याम झालेल्या माधव वझे यांना अभिनयाचा पुरस्कार मिळणं शक्यच नव्हतं, कारण तो विभागच नव्हता. अभिनयाचे पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून आले, बालकलाकाराचा त्यानंतर. २०१३ च्या 'फँड्री'साठी सोमनाथ अवघडेला तो मिळाला, तोही विभागून. म्हणून पुरस्कारांच्या यादीवरून अभिनयाचा इतिहास लिहाल तर मंदाकिनी आणि माधव दोघंही गळतील.

आणि मंदाकिनी तरी नशीबवान, तिचं काम निदान बघता येतं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती झालेल्या अण्णा साळुंक्यांचं काय? त्या चित्रपटाचा काही भागच उरलाय, आणि तोही मूळचा की नंतर पुन्हा चित्रित केलेला, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यांच्या अभिनयाबद्दल ठाम विधान करताना माझी लेखणी अडखळते, आणि अडखळायलाच हवी.

तेव्हा मित्रांनो, आराखडा लिहिताना तीन गोष्टींची गल्लत करू नका: काम झालं का, ते टिकलं का, आणि त्याची दखल घेतली गेली का. प्रत्येकीचा पुरावा वेगळा लागतो.

चांदवडचा प्रश्न अजून येतोच. आता मी टाळत नाही. म्हणतो, "पुरस्काराचं परीक्षक बघतील. तुम्हाला कुणाचं काम आवडलं आणि कशावरून, ते लिहून ठेवा. शंभर वर्षांनी माझ्यासारख्या कुणाला तरी लागेल."