सरळ धावणारी गाडी वळायला शिकली, त्याची गोष्ट

अमेरिकेच्या मोटारींच्या इतिहासात १९६४ नंतरची सात-आठ वर्षे दांडग्या गाड्यांची म्हणून ओळखली जातात. तिकडे त्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण त्यांना पहिलवान गाड्या म्हणू. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि तिला 'जीटीओ' हे नाव दिले. अंग मध्यम आणि काळीज हत्तीचे! तरुण गिऱ्हाइकांच्या तिच्यावर उड्या पडल्या आणि मग इतर कंपन्याही त्याच वाटेला लागल्या.

पण श्रोतेहो, या पहिलवानांना एकच डाव येत होता. दिवा हिरवा झाला की सुसाट सरळ सुटायचे. पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर त्यांची परीक्षा होई. वळण आले की सारा डौल संपे. बिडाचे जड इंजिन नाकावर, मागे बैलगाडीसारखा अखंड आस आणि पुष्कळ गाड्यांत त्याखाली कमानपाटे. घाटासारखी वळणे असलेल्या रस्त्यावर ही गाडी पुढच्या पुढे घसरू पाही. ब्रेकची कथा आणखी वाईट. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिला थांबवण्यासाठी चौपट ऊर्जा जिरवावी लागते आणि ती उष्णता होऊन ब्रेकमध्येच साठते. बंद ड्रमचे ब्रेक दोन-चार वेळा जोरात दाबले की तापून निकामी होत.

या गाड्यांना वळायला आणि थांबायला कोणी शिकवले, हा आजचा विषय आहे.

पहिले नाव घ्यावे लागते कॅरोल शेल्बी यांचे. टेक्सासचा हा माणूस एके काळी कोंबड्या पाळत असे. १९५९ साली त्यांनी रॉय साल्वादोरी यांच्या जोडीने फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे हृदयविकारामुळे शर्यती सोडल्या आणि गाड्या घडवायला घेतल्या. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली होती. ती पहिलवानांच्या घरातले चपळ तट्टू. दिसायला देखणी, पण आतून साधी घरगुती गाडी. ती खऱ्या शर्यतीत चालेल असे काहीतरी करा, असे फोर्डने शेल्बींना सांगितले. त्यातून १९६५ ची 'जीटी ३५०' जन्मली.

शेल्बींच्या माणसांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. मागचे आसन काढून टाकले, कारण नियमानुसार दोनच आसने असलेली गाडी स्पोर्ट्स कार ठरत असे. पुढच्या चाकांना धरणारा वरचा दांडा ज्या भोकांत बसतो, ती भोके एक इंच खाली पाडली. एवढ्या एका इंचाने वळणात टायर रस्त्याला नीट चिकटून राहू लागला. हॉलंडच्या कोनी कंपनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावले. मागचा आस पिळवटू नये म्हणून दोन दांडे दिले. पुढे डिस्क ब्रेक आले, मागे धातुमिश्रित लायनरचे रुंद ड्रम. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीसुद्धा डिकीत नेली, म्हणजे नाकावरचे ओझे तेवढेच कमी. वळणात इंजिनमधले तेल एका बाजूला जमते आणि पंप हवा ओढू लागतो. म्हणून तेलाचे भांडे मोठे करून आत पडदे घातले. मोठ्या कार्ब्युरेटरमुळे आणि मोकळ्या धुराड्यामुळे ४.७ लिटरच्या इंजिनची ताकद २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर गेली.

या यादीत इंजिनचे नाव शेवटी येते, ते मुद्दाम. बळ गाडीत आधीच होते. बदल झाला तो बळाला वळण लावण्यात. यातले बरेच काम आखले आणि गाडी पळवून तपासले ते केन माइल्स या इंग्रज चालक-तंत्रज्ञाने. फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासच्या ग्रीन व्हॅली मैदानावर या गाडीची पहिली शर्यत त्यांनीच जिंकली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथे दुसऱ्या एका गाडीची चाचणी घेताना त्यांचा मृत्यू झाला.

१९६६ सालीच 'ट्रान्स-अ‍ॅम' ही शर्यतींची मालिका सुरू झाली. मोठ्या गटात इंजिनाची मर्यादा पाच लिटर. म्हणजे पहिलवानाने वजन उतरवून आखाड्यात यायचे! शेव्हरोलेने यावर एक गॅरेजी तोड काढली. ३२७ घनइंचांच्या इंजिनाच्या ठोकळ्यात २८३ च्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट बसवला आणि ३०२ घनइंचांचे इंजिन तयार झाले. मर्यादेच्या जेमतेम आत. ते कॅमॅरोमध्ये घातले आणि 'झेड २८' गाडी झाली. १९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या बनल्या. पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे, वातानुकूलन मागूनही मिळत नसे.

मस्टँगने १९६६ आणि १९६७ चे विजेतेपद घेतले, कॅमॅरोने पुढच्या दोन वर्षांचे. १९६८ मध्ये मार्क डोनह्यू यांनी रॉजर पेन्स्के यांच्या कॅमॅरोवर १३ पैकी १० शर्यती जिंकल्या. पेन्स्के यांच्या गटाने गाडीचा सांगाडा तेजाबात बुडवून पत्रा पातळ केला होता, वजन घटावे म्हणून. पुढच्या वर्षी त्यांच्या कॅमॅरोच्या छतावर काळे विनाइल दिसू लागले. पातळ झालेल्या पत्र्याच्या सुरकुत्या झाकण्यासाठी ते लावले, असे जाणकार सांगतात. १९७० साली पार्नेली जोन्स यांच्या मस्टँगने फोर्डला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर कारखान्यांनी हात आखडता घेतला. धुराचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलासुरला उत्साह मोडला. कालच्या विजेत्या गाड्या मिळेल त्या भावाला विकल्या गेल्या, रंग बदलले, भाग बदलले.

आज त्या गाड्या परत आल्या आहेत. कॅलिफोर्नियात लागुना सेका येथे १९७४ पासून जुन्या गाड्यांच्या शर्यती भरतात. ट्रान्स-अ‍ॅमच्या जुन्या गाड्यांचाही तिथे वेगळा ताफा धावतो. त्याच वळणाने, त्या शर्यतीत कधीच न उतरलेल्या साध्या जुन्या गाड्यांवरही हौशी लोक त्या काळच्या धाटणीचे काम करून घेतात. पाळायचा नियम सोपा आहे. गाडी वेगवान करा, पण त्या काळी जे ठाऊक होते, जे मिळत होते, तेवढ्यातच. संगणकावर चालणारे इंधन नको, आजचे रुंद रबर नको. कार्ब्युरेटर, पंधरा इंची चाके, जाड स्प्रिंग, एक इंच खाली पाडलेली भोके. वृत्तात लिहिणाऱ्याला हे बंधन समजेल. मात्रा मोजलेल्या असतात, म्हणून शब्द शोधावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, हा श्रीमंतांचा खेळ, त्यात आपल्याला काय? मला यात एक प्रश्न दिसतो, तो मोटारींपुरता नाही. जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

१९६५ ची शर्यतीसाठी बांधलेली जीटी ३५० त्या वेळी ५,९५० डॉलरना मिळत असे. अशा ३६ गाड्या झाल्या. त्यांतली केन माइल्स यांनी पळवलेली एक गाडी २०२० मध्ये ३८.५ लाख डॉलरना विकली गेली. एवढा पैसा आला की तोतयेही येतात. साध्या मस्टँगवर तेच काम करून ती 'माझी जीटी ३५०' म्हणून हौसेने चालवणे वेगळे आणि ती असल म्हणून विकणे वेगळे. दोन्हींत पाना तोच, भोके तीच. फरक आहे तो फक्त कबुलीचा. म्हणून चांगला कारागीर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो आणि जुना भाग फेकत नाही. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर वाट मोकळी राहते.

आणि एका ठिकाणी तो मुद्दाम जुने सोडतो. त्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचे वरचे पान हीच डिकीची जमीन होती. मागून ठोकर बसली तर टाकी आणि माणूस यांच्यात जवळपास काहीच उरत नसे. १९६४ च्या इंडियानापोलिस शर्यतीत डेव्ह मॅक्डॉनल्ड आणि एडी सॅक्स हे दोन चालक आगीत गेले, तेव्हा न फुटणाऱ्या रबरी पिशवीच्या टाकीचा आग्रह वाढला. आज जुन्या गाडीतही अशी टाकी, नव्या मापाचे पट्टे आणि भक्कम पिंजरा असतो. जुन्या धाटणीच्या गाडीत हे नवे कसे चालते, असे कोणी विचारतो. उत्तर असे की, हेही त्या काळानेच शिकवले आहे, फक्त फी फार मोठी घेतली.

पूर्वजांचे कसब जसेच्या तसे घ्यावे, त्यांच्या चुका ओळखून बाजूला ठेवाव्यात आणि कोणते काम त्यांचे, कोणते आपले, हे लिहून ठेवावे. गाडीच्या बॉनेटखाली हे करता येते. वाडा, पोथी, परंपरा यांच्याबाबत ते आपण किती वेळा करतो, एवढा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.