क्युबाला ठाऊक नसलेला क्युबन भात

अमेरिकेतल्या शहरांत एखादं उपाहारगृह फिलिपिनो आणि क्युबन ही दोन्ही नावं एकाच पाटीवर लावतं. तिथल्या मेन्यूकार्डावर नव्या जुळवण्या भरपूर असतात. अख्खं भाजलेलं डुक्कर, म्हणजे लेचोन, दोन्हीकडचं. आदोबोही दोन्हीकडचा; मात्र फिलिपाइन्समध्ये तो व्हिनेगरात शिजतो आणि क्युबात आंबट संत्र्याच्या रसात मुरतो. यात नवल काही नाही. स्पेनने दोन्हीकडे तीन शतकांहून अधिक काळ राज्य केलं आणि १८९८च्या पॅरिस तहाने दोन्ही एकदमच गमावली. मला खिळवून ठेवलं ते फिलिपिनो बाजूला छापलेल्या एका जुन्या, घरगुती पदार्थाने: आरोस आ ला कुबाना, म्हणजे क्युबन पद्धतीचा भात.

हा पदार्थ मनिलात घराघरांत होतो. पांढरा भात, बटाटा-वाटाणा-बेदाणे घातलेला खिमा, वर तळलेलं अंडं, शेजारी साबा जातीच्या केळ्याचे तळलेले काप. हवानात मात्र या नावाने काही मागितलं तर समोरचा गोंधळतो. ताट त्याच्या ओळखीचं असतं. खिम्याला तो पिकादियो म्हणतो, त्यात ऑलिव्ह आणि जिरं घालतो, वर अंडं ठेवलं की त्याला घोड्यावर बसलेला पिकादियो म्हणतो, आणि पिकलेलं केळं तळून सोबत देतो. फक्त त्याला ‘क्युबन भात’ म्हणायचं त्याच्या मनातही येत नाही. ते साहजिकच आहे. आपल्या गावाचं नाव आपण आपल्याच रोजच्या जेवणाला देत नाही. ते देतो बाहेरचा. म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा, की हे नाव क्युबात जन्मलेलंच नाही.

मग कुठे? सर्वात लाडकी उपपत्ती गलबतांची आहे. १५६५पासून १८१५पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत. आकापुल्कोला उतरलेला माल खेचरांवरून मेक्सिको ओलांडून व्हेराक्रूझला जाई, तिथून जहाजाने हवानाला आणि पुढे स्पेनला. साखळी अखंड आहे, म्हणून पदार्थही असाच उलट्या दिशेने आला असेल, असं म्हणतात. या मताची भक्कम बाजू मी नाकारत नाही: व्हेराक्रूझच्या बाजूलाही भात आणि तळलेलं केळं एकत्र खातात. पण गलबतांनी मनिलाला जे दिलं, त्यावर मेक्सिकोचा ठसा आहे. बाजाराला तागालोग भाषेत ‘पालेंगके’ म्हणतात, तात्पुरत्या बाजाराला ‘तियांगे’, रताळ्याला ‘कामोते’. यातले शेवटचे दोन शब्द मूळचे मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतले. पदार्थ याच वाटेने आला असता, तर तो ‘मेक्सिकाना’ झाला असता. गलबतं हवानाला कधी लागतच नव्हती.

दुसरी उपपत्ती जास्त अवघड आहे, आणि मला तिचा आदर वाटतो. मनिलातल्या चिनी खानावळी, म्हणजे पान्सितेरिया, स्पॅनिश गिऱ्हाइकांसाठी आपल्या पदार्थांना स्पॅनिश नावं देत. साधा परतलेला भात ‘मोरिस्केता तोस्तादा’ झाला. मग आरोस आ ला कुबाना हेही असंच एखाद्या स्वयंपाक्याने भारदस्तपणासाठी चिकटवलेलं नाव का नसावं? कारण तेच नाव स्पेनमध्येही आहे. तिथे भात, टोमॅटोचा चटणीवजा सॉस, तळलेलं अंडं, कधी तळलेलं केळं, आणि मांस बहुधा नाही. पेरूमध्येही आहे, भात, अंडं आणि केळ्यासह. तीन देशांत एकच नाव आणि त्याच तीन वस्तू योगायोगाने जमत नाहीत.

तेव्हा माझं मत असं: नाव माद्रिदच्या राज्यकारभारातून आलं आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर फिलिपाइन्स थेट माद्रिदच्या हाताखाली गेलं. १८६३मध्ये सागरापारच्या वसाहतींचं वेगळं मंत्रालय निघालं, क्युबा आणि फिलिपाइन्स एकाच खात्यात आले. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला आणि बार्सिलोना ते मनिला हा प्रवास आटोक्यात आला. आणि आता माणसं बघा. व्हॅलेरियानो वेइलर १८८८ ते १८९१ फिलिपाइन्सचा गव्हर्नर जनरल. त्याआधी तो क्युबातल्या दहा वर्षांच्या युद्धात लढलेला. रामोन ब्लांको आधी क्युबाचा, मग १८९३पासून फिलिपाइन्सचा, मग पुन्हा क्युबाचा गव्हर्नर. कामिलो दे पोलाव्हिएहा १८९०पासून दोन वर्षं क्युबात आणि १८९६च्या डिसेंबरात मनिलात. तिघेही क्युबाचं अन्न खाऊन मनिलाला पोचले. त्यांच्यासोबत अधिकारी, सैनिक, कुटुंबं आणि स्वयंपाकघरंही आली असणार.

उलट दिशेचीही एक वाट होती. फिलिपिनो लेखक आणि डॉक्टर होसे रिसालने १८९६मध्ये क्युबात डॉक्टर म्हणून सेवा करायची परवानगी मागितली, ती ब्लांकोने दिली. रिसाल निघाला, पण वाटेतच पकडला गेला, मनिलाला परत आणला गेला आणि ३० डिसेंबरला, पोलाव्हिएहाच्या कारकिर्दीत, गोळ्या घालून मारला गेला. दोन वसाहती एकमेकींच्या किती जवळ होत्या, हे कळायला मला याहून मोठा पुरावा नको.

खिमा माझ्या बाजूने बोलतो. स्पेनमधल्या ताटातून तो गळला, मनिलातल्या ताटात राहिला. ताट फक्त स्पेनमार्गे, निव्वळ नावापुरतं आलं असतं, तर तेही मांसाविनाच आलं असतं. मनिलात पिकादियो आधीपासून होता, तो नव्या ताटात शिरला असेल, असा प्रतिवाद होऊ शकतो. पण मग अंडं, केळं आणि खिमा हे हवानातलं त्रिकूट तसंच्या तसं कसं जुळलं? मला वाटतं, ते हवाना पाहिलेल्या कुणीतरी जुळवलं आणि ‘क्युबन’ हा शब्द त्या माणसाच्याच तोंडचा आहे. पेरूचा पेच मात्र उरतो, कारण पेरू १८२४मध्येच स्पेनच्या हातून सुटला. तिथे हा पदार्थ स्पॅनिश हॉटेलवाल्यांच्या किंवा पाककृतींच्या पुस्तकांच्या मार्गाने गेला असावा.

या ताटातलं केळं स्वतः याहून जुना प्रवासी आहे. केळीचं मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या पट्ट्यात. साबा तर फिलिपाइन्सच्या मातीतलीच. कॅरिबियनमध्ये केळी १५१६मध्ये पोचली, फ्राय तोमास दे बेर्लांगाने कॅनरी बेटांवरून हिस्पानिओलाला रोपं नेली, असं इतिहासकार ओव्हिएदो लिहून ठेवतो. तांदूळही आशियाचाच. टोमॅटो मात्र मेक्सिकोचा, आणि तो मनिलाला त्याच गलबतांतून आला, ज्यांना मी या पदार्थाच्या नावाचं श्रेय द्यायला तयार नाही.