अवघड विषयाला जादा गुण मिळतात का? विषय निवडण्याआधी हे वाचा

दहावीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न, किती टक्के पडले? कोणते विषय घेऊन पडले, हे कुणी विचारत नाही. कापसात लांब धाग्याला वेगळा हमीभाव आहे. तसा अवघड विषयाला आपल्या बोर्डात नाही. गणिताचा एक गुण आणि भूगोलाचा एक गुण सारखाच.

दहावीला काय होतं?
सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. टक्के मात्र सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढतात. यालाच बेस्ट फाइव्ह म्हणतात. गणितात ४५ पडले तर ते टक्क्यात दिसतही नाहीत. पास व्हायला मात्र सहाही विषय लागतात. चित्रकला आणि खेळाचे जादा गुण मिळतात, अवघड विषयाचे नाहीत.

बारावीला काय होतं?
इथं बेस्ट फाइव्ह नाही, सगळे ६०० धरतात. समजा दोघांना पाच विषयांत मिळून ४०० गुण आहेत. सहाव्या विषयात एकाला गणितात ६०, दुसऱ्याला भूगोलात ८८. पहिल्याला ७६.६७ टक्के, दुसऱ्याला ८१.३३. जास्त घाम गाळला तोच मागं.

अमेरिकेत कसं आहे?
तिथल्या बऱ्याच हायस्कुलांत साध्या विषयातल्या ‘ए’ श्रेणीला ४ अंक, तर ‘एपी’ नावाच्या कॉलेजच्या तोडीच्या विषयातल्या ‘ए’ला ५ अंक देतात. पोरं अवघड विषयाला घाबरून पळत नाहीत, हा फायदा. पण लहान गावातल्या शाळेत असे विषयच कमी असतात, मग तिथल्या हुशार पोराला ५ अंक मिळणार कुठून?

आपल्याकडंही हीच अडचण आहे. बारावीचा आयटी विषय गुण देणारा म्हणून ओळखला जातो, पण त्याला कॉम्प्युटर लॅब आणि शिकवणारा लागतो. तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात तो कुठं आहे? म्हणून आधी विषय गावापर्यंत यावा, मग जादा गुणांचं बोलावं.

पालकांनी काय बघावं?
• इंजिनीअरिंगला जायचं असेल तर गणित सोडू नका. तिथली गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. बारावीत भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या गटाला ४५, राखीव गटाला ४० टक्के लागतात.
• फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक चालतं.
• ग्रामीण डाक सेवक भरतीची यादी दहावीच्या गुणांवर लागते, टक्के चार दशांशांपर्यंत मोजतात. तिथं एकेक गुण महत्त्वाचा.

चार टक्के वाढावेत म्हणून गणित सोडलं, तर पुढं इंजिनीअरिंगचं दारच बंद होतं. आधी पोराला कुठं जायचंय ते विचारा, मग अर्जात विषय भरा.