परसांतील कोंबडी आणि तिची राखण

इतिहास म्हटला कीं आमच्या सुशिक्षित वर्गाच्या डोळ्यांपुढें घोडा येतो, हत्ती येतो, फार झालें तर तोफा ओढणारा बैल येतो. कोंबडी येत नाहीं. ज्या घरांतून अशीं मासिकें वाचलीं जातात त्यांपैकीं पुष्कळ घरांत एके काळीं अंड्याला उंबऱ्याच्या आंत मज्जाव होता, आणि जेथें तो नव्हता तेथेंही कोंबडी हा ताटांतला विषय होता, विचाराचा नव्हे. हें दुर्लक्ष आजकालचें नाहीं. एका गोष्टीचा निषेध केला म्हणजे दुसरीस मुभा कशी मिळते हें समजावून देतांना पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच असा दाखला दिला आहे कीं, गांवांतला कोंबडा अभक्ष्य म्हटला म्हणजे रानांतला भक्ष्य हें आपोआपच कळतें. मनुस्मृतीनेंही ग्रामकुक्कुट वर्ज्य सांगितला आहे. परंतु जी वस्तु दाराशीं नाहीं तिचा निषेध करण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. तोच कोंबडा कार्तिकेयाच्या ध्वजावर आहे, आणि चाणक्याच्या नांवानें चालणाऱ्या नीतिवचनांत पहांटे उठणें, झुंजींत मागें न हटणें, आप्तांस वांटून खाणें व स्वकष्टाचें भोगणें हे चार गुण त्याच्यापासून शिकावे असा उपदेशही आहे. असा हा पक्षी मनुष्याच्या परसांत कधीं आला, कोणत्या करारावर आला, आणि तो करार पाळला कोणी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर गेल्या दीडशें वर्षांत अनेकदां बदललें. डार्विननें १८६८ सालीं पाळीव प्राणी व वनस्पति यांवरील आपल्या ग्रंथांत असा निर्णय दिला कीं, हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत राहणारा तांबडा रानकोंबडा हाच सर्व पाळीव कोंबड्यांचा एकमेव पूर्वज होय. हा निर्णय बहुतांशीं टिकला. 'एकमेव' हा शब्द मात्र टिकला नाहीं. अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी व पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा ज्या आनुवंशिक घटकामुळें येतो तो तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, असें २००८ सालीं सिद्ध झालें. हा करडा रानकोंबडा म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या झाडींत पहांटे ओरडतो तोच. परदेशांतील पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या अंगांतही आमच्या द्वीपकल्पाचा अंश अशा रीतीनें खेळत आहे.

काळाविषयींही असेंच झालें. सिंधुखोऱ्यांत चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीं कोंबडी पाळली जात होती असें जुनीं पुस्तकें सांगत. चीनकडे बोट दाखविणारे पंडित तर आणखी पुष्कळ मागें जात. २०२२ सालीं ८९ देशांतील सहाशेंहून अधिक स्थळीं सांपडलेल्या हाडांचा पुनर्विचार प्रसिद्ध झाला. त्यांत निःसंशय पाळीव म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें मध्य थायलंडांतील बान नॉन वाट या ठिकाणचीं ठरलीं. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० हा होय. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, कोंबडीचें आगमन आणि भात-नाचणीसारख्या कोरड्या जमिनीवरील धान्याची लागवड यांचा त्या विद्वानांनीं संबंध जोडला. शेत आलें, खळें आलें, कोठार आलें. सांडलेल्या दाण्यांमागें रानकोंबडी झाडीबाहेर आली.

मनुष्यानें फांसे लावून तिला गुलाम केलें असें यावरून दिसत नाहीं. ती दाण्यासाठीं आली आणि रात्रीसाठीं राहिली, असेंच म्हणावें लागतें. अंधारांत कोंबडीला फारसें दिसत नाहीं. म्हणून रानांत ती सूर्य मावळतांच फांदीवर चढून बसते, व तेथेंही रानमांजर तिला सोडीत नाहीं. रानकोंबडी एका वेळीं चार-सहा अंडीं घालते आणि त्यांवर बसते. अंडीं कोणी काढून नेलीं तर ती आणखी घालते. हा तिचा स्वभाव मनुष्यास फायद्याचा पडला. दाणा आणि रात्रीचा आसरा एका बाजूनें, अंडीं दुसऱ्या बाजूनें, असा हा करार झाला. अंडें घेणें सोपें आहे. राखण करणें कठीण. म्हणूनच कोंबडीचा इतिहास हा मुख्यतः राखणीचा इतिहास आहे असें आम्हांस वाटतें.

युरोपांत कोंबडी ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास पोंचली. तेथें पहिलीं कित्येक शतकें लोक तिला खात नसत. मेलेल्या कोंबड्या अखंड पुरलेल्या सांपडतात, कधीं मनुष्याच्या शेजारींही. ग्रीक लोक तिला इराणांतला पक्षी म्हणत. रोमन लोकांनीं तर तिला शकुन सांगावयास बसविलें, आणि त्यांनींच तिच्या पालनाचें शास्त्रही लिहून ठेविलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेला या शेतकऱ्यानें आपल्या कृषिग्रंथाच्या आठव्या भागांत कोंबडी विकत घेण्यापासून तिची राखण करण्यापर्यंत सारें सांगितलें आहे. खुराडें हिवाळ्यांतल्या सूर्योदयाकडे तोंड करून बांधावें, आणि तें भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावें, म्हणजे कोंबड्यांना धूर मिळेल, कारण धूर त्यांना फार मानवतो, असें तो म्हणतो. आमच्याकडील ज्या घरांत रात्रीं कोंबड्या डालग्याखालीं झांकून चुलीपासून चार हातांवर ठेवीत, तेथील आजीबाईनें हें वाक्य ऐकलें असतें तर यांत नवीन काय, असेंच विचारलें असतें. 'कोंबडें झांकलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं' ही म्हण आपण सभांतून वापरतों; पण तीमधील झांकणें हें खोडीचें नसून राखणीचें आहे, हें आतां कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

कोलुमेलाचे आणखी दोन नियम ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला खरेदीचा: पांढरी कोंबडी घेऊं नये. ती नाजूक असते, अंडीं कमी देते, आणि पांढऱ्या रंगामुळें ससाण्याच्या व गरुडाच्या नजरेंत लवकर भरते. तांबूस किंवा काळसर घ्यावी. दुसरा संख्येचा: एका माणसाच्या देखरेखीखालीं दोनशेंहून अधिक पक्षी नसावे, आणि तेवढ्यांवरही इकडे तिकडे फिरणाऱ्यांकडे लक्ष ठेवण्यास एखादी कष्टाळू म्हातारी किंवा मुलगा नेमावा. रोमच्या वैभवाच्या काळांत ज्या म्हातारीचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं, तीच आम्हांस कोंकणांत आणि देशावर प्रत्येक शतकांत बसलेली दिसते. घार फिरूं लागली म्हणजे 'हा हा' करणें, मुंगूस येतें तें बीळ दगडानें बुजविणें, खुडूक झालेली कोंबडी ओळखून टोपलींत पेंढा घालून तिला बसविणें, आणि २१ दिवस मोजणें, हें सारें काम बायकांचें व पोरांचें. म्हणून त्या कामाचा पैसाही बहुधा बाईच्याच हातांत राहिला. गाय विकावयाची तर घरांतील पुरुष ठरवितात. कोंबडी विकून मुलाची पाटी आणणारी बाई कोणास विचारीत नसे. ज्या घराला जमीन नाहीं त्याची ही पतपेढी होती.

ही राखण तिच्या हातांतून सुटण्याचा आरंभ अंडीं उबविण्यापासून झाला. मिसर देशांत कोंबडीशिवाय अंडीं उबविण्याची कला फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलनें तिचा उल्लेख केला आहे. मातीच्या मोठ्या भट्ट्यांत मंद विस्तव ठेवून तेथील कारागीर हजारों अंडीं उबवीत, आणि अंडें डोळ्याच्या पापणीला लावून उष्णता ओळखीत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें १७४९ सालीं या विषयावर ग्रंथ लिहून पापणीच्या जागीं उष्णतामापक आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील पेटालूमा गांवीं उबवणीचीं यंत्रें विक्रीसाठीं तयार होऊं लागलीं. निसर्गाची एक सोयही व्यापाऱ्यांच्या कामीं आली. पिलूं अंड्यांतून बाहेर येण्यापूर्वीं उरलेला पिवळा बलक पोटांत ओढून घेतें, आणि त्यावर तें दोन-तीन दिवस दाणापाण्यावांचून राहूं शकतें. या शिदोरीच्या भरंवशावर अमेरिकेच्या टपालखात्यानें १९१८ पासून एक दिवसाचीं पिलें पेट्यांतून पोंचविण्यास आरंभ केला. पिलूं आईवांचून जन्मलें, आणि आईवांचून प्रवासही करूं लागलें.

१९२३ सालीं डेलावेअर संस्थानांतील सेसिल स्टील या गृहिणीनें घरच्या अंड्यांसाठीं ५० पिलें मागविलीं. चुकून ५०० आलीं. तिनें तीं परत न पाठवितां वाढविलीं, आणि जगलेलीं ३८७ पौंडास ६२ सेंट या भावानें मांसासाठीं विकलीं. तीन वर्षांत तिनें दहा हजार पक्ष्यांचें घर बांधलें. केवळ मांसासाठीं कोंबड्या वाढविण्याच्या आधुनिक धंद्याचा आरंभ तेथील लोक या घटनेपासून धरतात. आरंभ परसांतच झाला, आणि एका बाईनेंच केला; परंतु दहा हजारांची राखण म्हातारी आणि मुलगा करूं शकत नाहींत.

कारण एवढ्या गर्दींत घारीपेक्षां भयंकर शत्रु आंतच असतो. पाश्चरनें १८७९-८० सालीं कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास करितांना पाहिलें कीं, जंतूंचें शिळें झालेलें द्रावण टोंचलेल्या कोंबड्या मरत नाहींत, आणि पुढें ताज्या जंतूंनाही दाद देत नाहींत. मनुष्यजातीच्या कित्येक लशींचा मार्ग अशा रीतीनें खुराड्यांतून गेला आहे. आमच्या खेड्यांत जिला मानमोडी म्हणतात ती साथ १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ओळखली गेली, आणि त्याच सुमारास कुमाऊंमधील राणीखेत येथेंही. तेव्हांपासून आमच्या देशांत तिला राणीखेत हेंच नांव पडलें. १९४० च्या सुमारास हिमालयांतील मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संस्थेंत तिच्यावर लस तयार झाली. बंद छप्पर, यंत्राची ऊब व लस या तिहींनीं राखणीचें काम उचललें, आणि कोलुमेलाचा नियम उलटा झाला. ज्या पांढऱ्या कोंबडीला तो दाराशीं उभी करीत नव्हता तीच जगभर अंड्यांची राणी झाली, कारण छपराखालीं ससाणा येत नाहीं. ती वर्षाला तीनशेंच्या घरांत अंडीं देते. आमची गांवठी कोंबडी शंभराच्या आंतच राहते. मात्र पांढरीला खुडूक होणें आतां जवळ जवळ ठाऊक नाहीं; वंशनिवडीनें तिचें आईपण काढून टाकलें आहे. अंडीं अपार आलीं. पण करारांतला आसरा पिंजरा होऊन बसला. युरोपांतील राष्ट्रांनीं जुन्या तऱ्हेचे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले, तें यासाठींच.

या सर्वांत परसांतील कोंबडी संपली असती तर हा लेख श्राद्धाचा झाला असता. परंतु २०१९ च्या पशुगणनेंत भारतांतील सुमारें ८५ कोटि कोंबड्या-बदकांपैकीं जवळ जवळ ३२ कोटि परसांतले निघाले, आणि मागील गणनेपेक्षां त्यांची वाढ सुमारें ४६ टक्के होती. मोठ्या धंद्यांतील वाढ पांच टक्क्यांहूनही कमी होती. हैदराबादच्या सरकारी संस्थेनें परसासाठीं तयार केलेली वनराजा जात मुद्दाम रंगीत ठेविली आहे, म्हणजे घारीच्या नजरेंत ती लवकर भरूं नये. कोलुमेलाची म्हातारी जें जाणत होती तें शास्त्र पुन्हां शिकलें.

पण राखण अजून अर्धीच आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें, भारतांत प्रथमच, पक्ष्यांचा फ्लू आढळला. तो उघडकीस आला मोठ्या व्यापारी खुराड्यांत. परंतु साथ रोखण्यासाठीं आसपासच्या आदिवासी पाड्यांतील दारच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. तसें करणें आवश्यक होतें हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संकटकाळीं ज्या दहा कोंबड्यांचा शोध सरकारी पथक घरोघर जाऊन घेऊं शकतें, त्या दहा कोंबड्यांपर्यंत लस घेऊनही त्यास एरवीं जातां आलें पाहिजे. राणीखेतची लस शेंकडों मात्रांच्या कुपींत मिळते. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदां कालवली कीं कांहीं तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीनें ती एकटीनें घेऊन काय करावें? गांवांतील सर्व बायकांनीं एकच दिवस ठरवून एकाच कुपींतून आपापल्या कोंबड्या टोंचून घेतल्या तर खर्च चार पैशांचा आहे. न घेतल्या तर एका साथींत सगळें डालगें रिकामें होतें, आणि त्याबरोबर त्या घरांतील बाईची एकुलती एक पुंजी जाते. हा दिवस ठरविण्यास राजधानीची गरज नाहीं. तालुक्याचा पशुवैद्य, शाळेंतील मास्तर आणि गांवांतील पांच शहाण्या बाया एवढीं माणसें त्यास पुरेत.